सुरमा राहिला, कह्हाल गेला

२०२१ च्या मे महिन्यात, साऱ्या मराठवाड्याप्रमाणे जालना जिल्ह्यातही एक अवघड शब्द घरोघर पोचला : म्युकरमायकोसिस. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घ्यावी लागलेल्या माणसांच्या नाकात बुरशी वाढत होती आणि त्यांतल्या काहींचा डोळा काढावा लागत होता. दुखणे नाकाचे, मग डोळा का जातो? या साध्या प्रश्नाचे उत्तर डोळ्याच्या खोबणीत आहे.

खोबण म्हणजे कवटीतला नुसता खड्डा नव्हे. कपाळ, गाल, वरचा जबडा, टाळू, अश्रुपिशवीजवळचे चिमुकले हाड, नाकाच्या मुळाशी असलेले जाळीदार हाड आणि मागच्या बाजूचे वटवाघळाच्या आकाराचे हाड, अशी सात हाडे मिळून ही निमुळती पोकळी बनते. तिच्यात जागा सुमारे ३० मिलिलिटर. नेत्रगोल त्यातली जेमतेम ७ मिलिलिटर व्यापतो. उरलेल्या जागेत डोळा फिरवणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा एक, नसा, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सगळ्यांना सांभाळणारी चरबीची गादी. वरची कड भक्कम. नाकाकडची भिंत मात्र अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. शरीरशास्त्राने तिला नावच कागदी पत्रा असे दिले आहे. तिच्या पलीकडे सायनसच्या पोकळ्या आहेत. तिथली बुरशी ही भिंत आणि रक्तवाहिन्या यांच्या वाटेने खोबणीत उतरते. खोबणीच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून दृष्टीची नस मेंदूकडे जाते. धोका तिथवर जाऊ नये म्हणून सर्जनला कधी अख्खी खोबणच रिकामी करावी लागते.

डोळ्याच्या या रचनेचा विचार फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकने डोळ्यावर दहा प्रकरणांचा अरबी ग्रंथ लिहिला. हुनैन ख्रिस्ती होता. ग्रीक ज्ञान त्याने खलिफांच्या राजधानीत अरबीत आणले. त्याच्या ग्रंथातील डोळ्याच्या आकृत्या उपलब्ध आकृत्यांमध्ये सर्वांत जुन्यांपैकी मानल्या जातात. त्यांत नेत्रभिंग डोळ्याच्या मधोमध दाखवले आहे. हे चूक होते. पण चूक कागदावर आली, म्हणूनच पुढच्यांना ती दुरुस्त करता आली.

अकराव्या शतकात बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने ‘किताब अल-मनाझिर’ लिहिला. प्रकाश डोळ्यातून बाहेर जात नाही, वस्तूकडून डोळ्यात येतो, हा त्याचा सिद्धान्त पुष्कळांना ठाऊक असतो. पण डोळा हाडाच्या पोकळीत कसा बसला आहे, नस कोणत्या छिद्रातून येते, हेही तो सांगतो. आणि ही माहिती शरीररचनेच्या ग्रंथांतून घेतली, अशी प्रामाणिक कबुलीही देतो. त्याच सुमारास बगदादच्या अली इब्न ईसाने ‘तज्किरतुल कह्हालीन’ हा नेत्ररोगांवरचा तीन भागांचा ग्रंथ रचला. कह्हाल म्हणजे नेत्रवैद्य. शब्द आला ‘कुह्ल’वरून, म्हणजेच सुरम्यावरून.

या ग्रंथांचा आणि जालन्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. त्या संस्थानाच्या राजधानीत १८८८ साली ‘दाइरतुल मआरिफ’ ही संस्था स्थापन झाली, जुने अरबी ग्रंथ शोधून छापण्यासाठी. इब्न अल-हैसमच्या ग्रंथावर कमालुद्दीन फारसीने लिहिलेले भाष्य तिने १९२८ ते १९३० या काळात दोन खंडांत छापले. अली इब्न ईसाचा ग्रंथही त्याच संस्थेने १९६४ मध्ये छापला. तोवर मराठवाडा महाराष्ट्रात आला होता. ग्रंथ हैदराबादेत छापले गेले, पण अरबीत. 

आपल्या हाती उरली ती सुरमादाणी. कह्हालांचे सुवर्णयुग आपण भाषणांतून सांगतो, त्यांची दृष्टी मात्र घरात आणत नाही. सुरम्यावर राग धरायचे कारण नाही. तो ईदच्या सकाळचा भाग आहे. पण बाजारातल्या कितीतरी सुरम्यांत शिसे आढळले आहे आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, हेही कळायला हवे. अब्बासी काळातल्या माणसांनी ग्रीकांचे ज्ञान घेताना ते कोणाचे, हे विचारले नाही. जालन्यात आज श्री गणपती नेत्रालयासारखे मोठे नेत्र रुग्णालय आहे. आपण तिथे उपचाराला जातो, तशी आपली मुले नेत्रवैद्यक शिकायलाही जावीत.

तोवर एवढे तरी करता येईल. मधुमेही माणसाच्या डोळ्याभोवती सूज आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, नाकातून काळसर स्राव आला, तर सुरमादाणी उघडायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मधली भिंत कागदाएवढी पातळ आहे. हे सांगणारे एक माणूस प्रत्येक घरात असले, तर कह्हालांचा वारसा आपल्याकडे आला असे म्हणता येईल.