मुंबईतील वैयक्तिक सुवार्ताप्रसार

वैयक्तिक सुवार्ताप्रसार म्हणजे ख्रिस्ती व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीशी समोरासमोर बोलून, धर्मपुस्तक हाती देऊन किंवा स्वतःच्या अनुभवाची साक्ष सांगून येशू ख्रिस्ताविषयीचे शुभवर्तमान पोहोचवणे होय. मंडळीपुढील प्रवचनाहून हा प्रकार वेगळा आहे. यात ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतो, वाद घालता येतो आणि उठून जाताही येते. मुंबई शहरात प्रॉटेस्टंट परंपरेतील या कार्यास १८१३ मध्ये आरंभ झाला. गिरगाव आणि भायखळा या भागांत ते विशेष रुजले. त्यातून धर्मांतर करणाऱ्यांची संख्या अल्पच राहिली. तथापि मराठी मुद्रण, शिक्षण, धर्मविषयक वाद आणि कौटुंबिक कायदा यांवर त्याचा मोठा परिणाम झाला.

पार्श्वभूमी

मुंबई बेटांवर ख्रिस्ती वस्ती त्यापूर्वीही होती. दादर येथील पोर्तुगीज चर्च या नावाने ओळखले जाणारे मंदिर १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांनी स्थापिले. मात्र पोर्तुगीज काळातील धर्मांतरांमागे राज्यसत्तेचे पाठबळ होते. व्यक्तीव्यक्तींतील संवादावर उभे राहिलेले कार्य अमेरिकन मराठी मिशनबरोबर आले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीचा अशा कार्यास विरोध होता व दोघांना परत पाठवण्याचे प्रयत्नही झाले; परंतु त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली.

हॉल यांनी मराठी शिकून रस्ते, बाजार व देवळांच्या परिसरात लोकांशी बोलण्याचा क्रम ठेवला. संभाषण संपल्यावर ऐकणाऱ्याच्या हाती काही छापील राहावे, या गरजेतून मिशनचा छापखाना उभा राहिला. नव्या कराराचे संपूर्ण मराठी भाषांतर मिशनने १८२६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नाशिक भागातील दौऱ्यावर असताना हॉल पटकीने मरण पावले. या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढून पंचांग व हिंदू धर्मग्रंथ छापले. सुवार्तेसाठी आणलेले साधन असे थोड्याच वर्षांत दुसऱ्या बाजूच्याही हाती गेले.

गिरगावातील शाळा आणि वाद

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि विल्सन यांनी १८३२ मध्ये गिरगावातील आंबरोली येथे इंग्रजी शाळा सुरू केली. आजचे विल्सन महाविद्यालय याच शाळेतून वाढले. विल्सन यांचा भर वादावर होता. मोरोभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. त्यानंतर दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहिले आणि त्यास विल्सन यांनी छापील उत्तर दिले.

वर्गातील शिकवणीपेक्षा वर्गाबाहेरील संभाषणाचा परिणाम अधिक खोल होई, आणि पालकांना भीती होती ती त्याचीच. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात खळबळ उडून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. धनजीभाई यांना आपल्या इच्छेप्रमाणे राहण्याची मुभा मिळाली. मात्र शाळेतील विद्यार्थी मोठ्या संख्येने काढून घेण्यात आले.

१८४३ चे शेषाद्री प्रकरण याहून कठीण होते. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. धर्मांतरित नसलेला, पण ख्रिस्ती घरी जेवलेला हा मुलगा आता कोणत्या जातीचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे, असा पुढाकार घेतला आणि त्यासाठी सनातनी मंडळींचा रोष पत्करला. नारायण शेषाद्री पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे पाळक म्हणून प्रसिद्ध झाले.

बाप्तिस्म्याचा अर्थ त्या काळी घर, पंगत, विवाहसंबंध आणि बहुधा वडिलोपार्जित मालमत्ता यांना मुकणे असा होता. यांपैकी मालमत्तेपुरता उपाय १८५० च्या कायद्याने केला. धर्म वा जात सोडल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही, असे त्याने ठरवले.

जॉर्ज बोवेन आणि समुद्रकिनाऱ्यावरील सभा

वैयक्तिक सुवार्ताप्रसाराचे मुंबईतील सर्वांत ठळक उदाहरण जॉर्ज बोवेन यांचे आहे. हे अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये मुंबईत आले. मिशनरी बंगल्यात राहून गरिबांना उपदेश करणे त्यांना विसंगत वाटले. म्हणून त्यांनी मिशनचे वेतन सोडले, देशी वस्तीत साधी खोली घेतली आणि शिकवणीच्या अल्प मिळकतीवर निर्वाह केला. रस्त्यात व मैदानात मराठीतून बोलणे, पत्रके वाटणे व येईल त्याच्याशी चर्चा करणे हा त्यांचा नित्यक्रम होता. 'बॉम्बे गार्डियन' या पत्राचे ते दीर्घकाळ संपादक होते. १८८८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या उपदेशाने धर्मांतर केलेले लोक फार थोडे होते. त्यांच्या राहणीविषयीचा आदर मात्र सर्व समाजांत होता.

१८५७ च्या पूर्वार्धात गिरगावच्या बाजूच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात सभा झाल्या. विष्णुबुवांचे मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले असून ते पूर्वी सरकारी नोकरीत होते. मिशनऱ्यांची पद्धत त्यांनी त्यांच्यावरच उलटवली. उघड्या जागी उभे राहून प्रश्न विचारणे, दुसऱ्याचा ग्रंथ वाचून त्यातील विसंगती दाखवणे आणि जमलेल्या लोकांवर निर्णय सोपवणे, असा त्यांचा परिपाठ होता. ख्रिस्ती पक्षाच्या बाजूने बोवेन प्रमुख वक्ते होते व त्यांनीच या चर्चांचा वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. अर्थात तो एका पक्षाने लिहिलेला वृत्तांत आहे, हे वाचताना ध्यानी ठेवावे लागते.

मराठी ख्रिस्ती आणि साक्षीचे साहित्य

परदेशी उपदेशकांपेक्षा मराठी माणसांनी सांगितलेली साक्ष अधिक टिकली. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले आणि गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेतही वावरले. त्यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' म्हणजे अशा दीर्घ मनःसंघर्षाचा आलेख आहे. त्यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७) मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांत गणले जाते.

नारायण वामन टिळक यांचा प्रवास रेल्वेच्या डब्यात सुरू झाला. १८९३ मध्ये एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली व ती वाचण्याचा आग्रह केला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे पत्नी लक्ष्मीबाईंपासून त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या विचाराने. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात धर्मांतराची घरातील बाजू दिसते, जी मिशनच्या अहवालांत क्वचितच येते. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन ही मराठी माध्यमे सुवार्तेसाठी वापरली.

शिक्षण व आश्रय देताना धर्म सांगावा काय, हा वाद पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाभोवती पेटला. ही संस्था मार्च १८८९ मध्ये गिरगाव चौपाटी येथे सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुण्यास गेली. तेथे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याने हिंदू सल्लागारांनी १८९३ मध्ये संबंध तोडला.

प्रतिसाद व नंतरचा काळ

गिरगावात १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने एकेश्वरी उपासना व सामुदायिक प्रार्थना स्वीकारली. धर्मांतर मात्र नाकारले. त्याच परंपरेतील विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढून डिप्रेस्ड क्लासेस मिशनचा पाया घातला. 'मिशन' हा शब्दच या देवाणघेवाणीची खूण आहे.

विसाव्या शतकात मिशनमध्येही मतभेद झाले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस उभारले व धर्मांतराचा हेतू न ठेवता वस्तीची सेवा करण्याचे धोरण ठेवले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या समाजकार्याच्या टाटा संस्थेचे ते पहिले संचालक होते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नुसार, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांस अधीन राहून, धर्माचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचा अर्थ स्पष्ट केला. आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यास सांगणे त्यात येते, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही.