अ‍ॅस्पिडिस्ट्रा : एका चिवट झाडाचे वाङ्मयीन चरित्र

जॉर्ज ऑर्वेल यांची 'कीप द अ‍ॅस्पिडिस्ट्रा फ्लाइंग' ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. झेंडा फडकत ठेवण्याच्या इंग्रजी वाक्प्रचारात झेंड्याच्या जागी कुंडीतले एक झाड बसवून लेखकाने शीर्षकातच उपहास साधला आहे. वर्गात या कादंबरीचा विषय निघाला, की अ‍ॅस्पिडिस्ट्रा म्हणजे कनिष्ठ मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचे प्रतीक, एवढे सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. कोणतेही प्रतीक होण्यापूर्वी ती वस्तू कोणाच्या तरी घरात, कोणत्या तरी कारणासाठी आलेली असते. ते कारण लक्षात घेतले, तर कादंबरीच्या शेवटाचा अर्थही बदलतो, असे आम्हांस वाटते.

वनस्पतिशास्त्रात या प्रजातीची नोंद १८२२ साली केर गॉलर यांनी केली. नावाच्या मुळाशी ढाल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. घरात लावला जाणारा 'अ‍ॅस्पिडिस्ट्रा एलाटिओर' हा जपानच्या दक्षिणेकडील बेटांवर दाट झाडीच्या सावलीत वाढतो. जमिनीखालच्या आडव्या खोडातून त्याची लांब, रुंद, गर्द हिरवी पाने एकेक करून वर येतात. जांभळट फुले मातीला टेकून उमलतात. पानांआड ती सहसा दिसतही नाहीत. ऊन, वारा आणि कौतुक या तिन्हींवाचून जगण्याची सवय या झाडाला रानातच लागलेली होती.

ही सवय व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये कामी आली. शहरांतील चाळवजा, एकमेकांना चिकटलेल्या घरांत उजेड कमी, पडदे जाड आणि शेगडीत दगडी कोळसा असे. दिवे कोळशापासून काढलेल्या वायूवर जळत. त्या ज्योतीतून गंधकाचे वायू खोलीत पसरत. गळक्या नळ्यांतून न जळलेला वायूही येई आणि त्यात इथिलीन असे. दिव्याच्या वायूतील इथिलीनमुळे रोपांची वाढ बिघडते, हे रशियन शास्त्रज्ञ नेल्युबोव यांनी १९०१ साली दाखवून दिले. गृहिणींनी मात्र ते कितीतरी आधी अनुभवले होते. नाजूक नेचे आणि फुलझाडे दिवाणखान्यात काही आठवड्यांतच माना टाकीत. अ‍ॅस्पिडिस्ट्रा टिकून राही. इंग्रजीत त्याला 'बिडाचे झाड' म्हणू लागले, ते याच गुणामुळे.

त्याची निगाही बेताच्या मिळकतीला परवडणारी होती. माती वरून कोरडी झाल्यावरच पाणी घालायचे, कारण जास्त पाण्याने मुळे कुजतात. थेट ऊन लागू द्यायचे नाही, कारण पाने करपतात. कुंडी अनेक वर्षे बदलली नाही तरी चालते. पानांवर बसलेली काजळी मात्र ओल्या फडक्याने पुसावी लागे. रस्त्याकडच्या खिडकीत, लेसच्या पडद्यांमध्ये ठेवलेली ती स्वच्छ पाने येणाऱ्याजाणाऱ्याला घरातली टापटीप सांगत. मराठी वाचकाला येथे तुळशीवृंदावन आठवेल. मात्र तुळशीमागे श्रद्धा आहे आणि तिला ऊन लागते. अ‍ॅस्पिडिस्ट्रामागे केवळ धूर सोसण्याची ताकद होती.

पुढे वीज आली, हवा सुधारली आणि झाडाची निकड संपत गेली. कुंडी खिडकीत राहिली, तिचे प्रयोजन विसरले गेले. प्रयोजन विसरलेल्या वस्तूंची चेष्टा करणे सोपे असते. १९३८ साली ग्रेसी फील्ड्स यांनी जगातल्या सर्वांत मोठ्या अ‍ॅस्पिडिस्ट्रावरचे विनोदी गाणे गाऊन लोकांना हसविले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीविरुद्धच्या प्रचारासाठी ससेक्समधील क्रोबरो येथे उभारलेल्या, १९४२ साली सुरू झालेल्या प्रचंड शक्तीच्या प्रक्षेपकाला याच गाण्यावरून 'अ‍ॅस्पिडिस्ट्रा' हे नाव मिळाले.

ऑर्वेल यांचा नायक गॉर्डन कॉमस्टॉक हा पैशाच्या देवाशी वैर धरून जाहिरात कंपनीतली नोकरी सोडतो, पुस्तकांच्या दुकानात अपुऱ्या पगारावर राबतो आणि भाड्याच्या खोलीतल्या अ‍ॅस्पिडिस्ट्राचा छळ करतो. तो त्याला पाणी देत नाही, खोडावर जळती सिगारेट विझवतो, मातीत मीठ मिसळतो. झाड मरत नाही. शेवटी रोझमेरीशी लग्न करून नव्या घरात तो स्वतःच अ‍ॅस्पिडिस्ट्रा आणण्याचा हट्ट धरतो. या शेवटाकडे बंडखोराची शरणागती म्हणून पाहिले जाते.

परंतु गॉर्डनच्या त्या खोलीत अजून गॅसचाच दिवा जळतो, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. म्हणजे झाड आणि माणूस एकाच कोंदट हवेत श्वास घेत आहेत. ज्याला तो शत्रू मानतो, ते त्याच्याच परिस्थितीत तग धरून राहिलेले आहे. त्याच्या शेवटच्या हट्टात शरणागती आहेच. पण ज्या माणसांनी धुरात, तुटपुंज्या पगारात संसार केले, मुले वाढवली आणि तरी खिडकीतली पाने पुसत राहिली, त्यांच्याविषयी उशिरा आलेला आदरही आहे. पहिलाच अर्थ शिकविणे म्हणजे सुस्थितीतल्या वाचकाच्या नजरेने गरिबाची खिडकी पाहणे होय. प्रतीकाचा अर्थ सांगण्याआधी त्या खोलीत दिवा कशावर जळत होता, हे विद्यार्थ्यांना विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.