सही न करणारा मास्तर

११ सप्टेंबर २०१५. मुंबईच्या विशेष मकोका न्यायालयात तेरा आरोपी निकाल ऐकत होते. न्यायाधीशांनी बारा जणांना दोषी ठरवले आणि एकाला निर्दोष सोडले. सुटलेला हा आरोपी क्रमांक आठ म्हणजे विक्रोळीचे अब्दुल वाहिद शेख. अटकेपूर्वी ते शाळेत शिक्षक होते. आयुष्याची नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. घरी जावे, शाळेत परतावे आणि झाले गेले विसरून जावे, असा सल्ला कोणीही दिला असता. ते घरी गेले, शाळेतही परतले. विसरले मात्र नाहीत. पुढची दहा वर्षे हा मास्तर एकच गोष्ट सांगत राहिला: माझ्याबरोबर उभे असलेले ते बाराजणही निर्दोष आहेत.

हे बोलणे सोपे नव्हते, कारण खटला साधा नव्हता. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अवघ्या अकरा मिनिटांच्या आसपास सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही कामावरून घरी परतणाऱ्यांची रोजची स्थानके. १८० हून अधिक माणसे मरण पावली, आठशेवर जखमी झाली. त्या रात्री ज्या घरांतला माणूस परतला नाही, त्या घरांना गुन्हेगार हवे होते; सरकारला आणि पोलिसांनाही. दहशतवादविरोधी पथकाने पुढच्या काही महिन्यांत तेरा जणांना अटक केली. मुंब्र्यातील घरात पाकिस्तानी हल्लेखोरांना आसरा दिला, असा वाहिद यांच्यावर आरोप होता.

या खटल्याचा कणा होता कबुलीजबाब. तो समजण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

१८५५ मध्ये मद्रास इलाख्यात एका आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. महसूल वसूल करताना आणि गुन्ह्यांचा तपास करताना सरकारी माणसे रयतेचा छळ करतात, हे कंपनी सरकारच्याच आयोगाने त्यात मान्य केले होते. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक नियम आला, आणि १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात तो कलम २५ म्हणून कायम झाला: पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. परक्या राज्यकर्त्यांनी स्वतःच्याच पोलिसांवर दाखवलेला हा अविश्वास स्वतंत्र भारतानेही जपला. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे.

पण त्याला खिंडारे पडत गेली. १९८७ च्या टाडा कायद्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरला. टाडा १९९५ मध्ये संपला. संघटित गुन्हेगारीच्या बंदोबस्तासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये मकोका आणला आणि त्याच्या कलम १८ ने तीच सवलत पुन्हा दिली: पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब न्यायालयात चालेल. मुंबईतल्या टोळीयुद्धांसाठी केलेला हा कायदा लोकल स्फोटांच्या खटल्याला लावला गेला आणि सगळे चित्र बदलले. तेरापैकी अकरा आरोपींचे कबुलीजबाब उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यांसमोर नोंदवले गेले. आरोपींनी पुढे ते मागे घेतले आणि छळ करून घेतल्याची तक्रार केली.

वाहिद यांचा कबुलीजबाब त्या अकरांत नव्हता. सहीसाठी आपलाही छळ झाला, तरी आपण सही केली नाही, असे त्यांनी पुढे लिहिले. त्यांच्याविरुद्धचा उरलेला पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. त्या सहीचे मोल त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ती न करणारा मास्तर घरी आला होता आणि ज्यांच्या सह्या कागदावर होत्या त्यांच्यापैकी पाचांना ३० सप्टेंबर २०१५ रोजी फाशी किंवा जन्मठेप यांची वाट दाखवली गेली होती, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. कारण त्या दिवशी शिक्षा बाराही जणांना सुनावली गेली: पाचांना फाशी, सातांना जन्मठेप.

खटल्याच्या काळातच आणखी एक विचित्र प्रकार घडला होता. २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या संघटनेच्या काही जणांना पकडले. त्यांपैकी एकाच्या कबुलीजबाबात याच लोकल स्फोटांची जबाबदारी त्याच्या संघटनेकडे येत होती. म्हणजे शहर एक, स्फोट तेच, कायदाही तोच. आणि पोलिसांच्या दोन शाखांकडे दोन वेगवेगळ्या गुन्हेगारांची कहाणी. पुढे तो माणूसही आपल्या जबाबावरून फिरला. कबुलीजबाबावर उभ्या असलेल्या खटल्याबद्दल शंका घ्यायला याहून मोठे निमित्त नको होते.

वाहिद यांनी कारागृहात कायद्याचा अभ्यास करून पदवी मिळवली. आपलाच खटला हे त्यांचे पाठ्यपुस्तक. ‘बेगुनाह कैदी’ हे त्यांचे पुस्तक २०१७ च्या सुमारास वाचकांपर्यंत पोहोचले. पुस्तकाचा रोख स्वतःच्या दुःखापेक्षा खटला कसा रचला जातो हे दाखवण्याकडे आहे. तुरुंगातल्या आठवणींची पुस्तके मराठी वाचकाला नवी नाहीत, पण त्यांतली बहुतेक राजकीय कैद्यांची. आपण केलेल्या कृत्याचा अभिमान बाळगणाऱ्यांची. न केलेल्या गुन्ह्याचा कैदी काय लिहितो, हे क्वचितच वाचायला मिळते. २०२२ मध्ये वाहिद यांच्या कहाणीवर ‘हिमोलिम्फ’ नावाचा हिंदी चित्रपटही आला.

शाळा सांभाळून ते उरलेल्यांसाठी काम करत राहिले. बारा जणांच्या कुटुंबांशी संपर्क, सभा, मुलाखती, समाजमाध्यमांवरील चित्रफिती, पोलिसांनी बोलावले तर आपले हक्क काय याची माहिती, असे ते काम. ‘इनोसन्स नेटवर्क’ या गटाशीही ते जोडले गेले. दहशतवादाच्या आरोपांतून वर्षानुवर्षांनी सुटलेल्यांच्या साक्षी ऐकण्यासाठी २०१६ मध्ये दिल्लीत एक जनन्यायाधिकरण भरले. त्याचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आणि पुढे दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले सोलापूरचे अजित प्रकाश शहा. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांना बळी पडलेल्यांसाठी नुकसानभरपाईची कायदेशीर तरतूद सुचवली. ती तरतूद अजून झालेली नाही.

वाहिद एकटे लढले असे चित्र रंगवणे चूक ठरेल. खटल्याचा खर्च आणि वकील यांची व्यवस्था जमियत उलेमा-ए-महाराष्ट्रच्या कायदेशीर मदत विभागाने केली. सुरुवातीच्या वर्षांत या आरोपींची बाजू मांडणारे तरुण वकील शाहिद आझमी स्वतः टाडाखाली तुरुंगात राहून आले होते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून फाशीचा एक कैदी माहितीच्या अधिकाराखाली अर्जांमागून अर्ज करत होता आणि एकीकडे पदव्या मिळवत होता. निकाल फिरला तो न्यायालयातील युक्तिवादाने. वाहिद यांचे काम त्याच्या अलीकडचे होते. जवळपास नऊ वर्षे ज्या खटल्याची सुनावणीच होत नव्हती, तो लोकांच्या विस्मरणात जाऊ न देणे, हे ते काम.

कारण सुनावणी खरोखरच होत नव्हती. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, म्हणून प्रकरण २०१५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले होते. पण कागदपत्रांचे ढीग प्रचंड, आणि रोज बसून ते ऐकणारे खंडपीठ मिळेना. २०२१ मध्ये फाशीच्या पाचांपैकी एकजण नागपूरच्या कारागृहात करोनाने मरण पावला. अखेर जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या विशेष खंडपीठापुढे सलग सुनावणी सुरू झाली आणि ती जानेवारी २०२५ मध्ये संपली.

अशी चूक फक्त दहशतवादाच्या खटल्यांत आणि एकाच समाजाच्या वाट्याला येते, असा समज होऊ नये म्हणून महाराष्ट्रातलेच दुसरे प्रकरण पाहण्यासारखे आहे. २००३ मधील दरोडा, बलात्कार आणि खून यांच्या एका प्रकरणात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि राज्याने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. घटनेच्या वेळी त्यांच्यातला एकजण अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात उघड झाले होते. देशाच्या सर्वोच्च पायरीवर सहा फाशी लिहिल्या गेल्या आणि त्याच पायरीवर पुसल्या गेल्या. त्यांची नावे आज कितीजणांना आठवतात? त्यांच्यात बाहेर आलेला, लिहिता-बोलता येणारा मास्तर नव्हता.

२१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली, मरण पावलेल्याचीही. निकालपत्र ६७१ पानांचे आहे. त्यात पुराव्याचा एकेक धागा तपासला आहे. आरोपींना पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार पोलिसांपुढे आले ते शंभराहून अधिक दिवसांनी. एवढ्या काळाने अनोळखी चेहरा लक्षात राहण्याचे सबळ कारण न्यायालयाला दिसले नाही. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. जप्त केलेली स्फोटके नीट लाखबंद ठेवल्याचे सिद्ध झाले नाही, आणि कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेही सरकार पक्षाला दाखवता आले नाही. कबुलीजबाबांमध्ये मजकूर जागोजागी सारखाच आढळला, आणि ते काढण्यासाठी छळ झाल्याचे आरोपींनी दाखवून दिले आहे, असे न्यायालयाने नोंदवले. १८५५ च्या त्या अहवालातली भीती १७० वर्षांनी मुंबईच्या निकालपत्रात पुन्हा उमटली.

येरवडा, नाशिक, अमरावती आणि नागपूर येथील कारागृहांत दूरचित्र यंत्रणेसमोर बसून कैद्यांनी आपली सुटका ऐकली. एकोणीस वर्षे होत आली होती.

त्याच दिवशी दुसऱ्या कित्येक घरांत वेगळाच प्रश्न उभा राहिला. हे नव्हते, तर मग कोण होते? मृतांच्या आणि जखमींच्या कुटुंबांना याचे उत्तर आजवर मिळालेले नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि अन्याय एकदम दोन घरांत शिरतो. राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवण्यास नकार दिला, पण उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असे सांगितले. राज्याच्या अपिलावर न्यायालयाने नोटीस काढली.

स्वतः वाहिद यांनी २०१५ मध्ये सुटल्यावर नुकसानभरपाई मागितली नव्हती. ती त्यांनी मागितली २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, बाकीचे सुटल्यानंतर, मानवी हक्क आयोगाकडे. रक्कम नऊ कोटी रुपये. सहआरोपी आत असताना एकट्याने हात पसरायचा नाही, म्हणून दहा वर्षे थांबलो, असे त्यांनी कारण दिले.