रडारच्या अडगळीतून प्रोटॉनच्या वाटेवर

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी लष्कराजवळ जुन्या रडारसंचांचा मोठा साठा पडून राहिला होता. या संचांतून सेकंदाला सुमारे २० कोटी आवर्तनांच्या लहरी निघत. युद्धकाळात रडारवरच काम केलेल्या लुई अल्व्हारेझ या शास्त्रज्ञांची दृष्टी या अडगळीकडे गेली, आणि बर्कले येथे प्रोटॉनांना सरळ रेषेत वेग देणारे यंत्र उभारण्याचे त्यांनी मनावर घेतले.

कल्पना अगदीच नवी नव्हती. १९२८ साली विडेरो यांनी जर्मनीत तिचा प्रयोग केला होता. परंतु प्रोटॉन हलका व वेगवान. मंद आवर्तनांच्या लहरी वापरल्या तर यंत्र अव्यवहार्य लांबीचे होते, आणि शीघ्र वापरल्या तर उघड्या तारांतून शक्ती आकाशवाणीच्या मनोऱ्यासारखी बाहेर पसरते. अल्व्हारेझ यांनी ती तांब्याच्या बंद पोकळीत कोंडली. विहिरीत योग्य स्वराची हाक घातली की ती घुमते. तसेच येथे होते. सुमारे ४० फूट लांबीच्या या पोकळीत ४६ नळकांडी एका रेषेत टांगलेली होती. लहर अनुकूल असताना कणाने उघड्या फटीत यावे, प्रतिकूल होताच नळकांड्यात दडावे! एका आवर्तनात कण आरंभी सुमारे १४ सेंटिमीटर, तर अखेरीस ३८ सेंटिमीटर जाई. म्हणून नळकांडी उत्तरोत्तर लांब.

अशी पोकळी घडविणे म्हणजे वाद्य जुळविणेच होय, आणि वाद्यही मोठे हट्टी. तांबे एका अंशाने तापले तरी तिचा स्वर सेकंदाला साडेतीन हजार आवर्तनांनी उतरतो. आत क्षेत्र सर्वत्र सारखे आहे की नाही, हे पाहण्यासाठी दोऱ्यात ओवलेला लहानसा मणी तीतून ओढण्याची एक रीत आहे. मणी जेथे असेल तेथील क्षेत्राच्या मानाने स्वर ढळतो.

खरी अडचण निराळीच होती. जी लहर कणांचे थवे पुढेमागे एकत्र राखते, तीच त्यांना बाजूंना पांगवते. त्यावर तोडगा म्हणून नळकांड्यांच्या मुखांवर बेरिलियमचे अतितलम पत्रे बसविले. ठिणग्यांनी ते फाटले. मग टंगस्टनच्या जाळ्या आल्या. त्यांवर आपटून काही प्रोटॉन वाया जात, पण यंत्र चालले. १९४७ साली त्यातून ३२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन बाहेर पडले. जाळ्यांची खरी सुटका १९५२ नंतर झाली. नळकांड्यांच्या पोटातच चुंबक बसविता येऊ लागले.

गंमत अशी की, ज्या रडारसंचांसाठी २० कोटींचा आकडा पत्करला, ते संच शेवटी उपयोगी पडलेच नाहीत. शक्तीसाठी दुसरी सामग्री जुळवावी लागली. आकडा मात्र राहिला. ब्रुकहेवन, फर्मीलॅब आणि जिनीव्हाजवळील सर्न येथील यंत्रे त्याच्याच आसपास बांधली गेली. सर्नचे त्या जातीचे दुसरे यंत्र १९७८ पासून २०१८ पर्यंत चालले. त्याच्या जागी आलेल्या यंत्राचा, तसाच मुंबईतील तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या यंत्राचा स्वर मात्र सुमारे ३५ कोटी आवर्तनांचा आहे.