शिळा, फळा आणि चकती

इतिहास म्हटला, की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गडकिल्ले आणि लढाया उभ्या राहतात. मला आज घरच्या इतिहासाविषयी बोलायचे आहे. आजोबा-पणजोबांची नावे, त्यांचे दाखले, पत्रे, फोटो हे सारे पुढल्या पिढीसाठी कशावर जपून ठेवावे, हा प्रश्न आज संगणकाच्या दुकानात विचारला जातो. त्याचे एक जुने उत्तर मात्र आपल्याच जिल्ह्यात, नाशिकच्या पांडवलेण्यांत, सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरलेले आहे.

तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. वस्त्रांसाठी वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ द्यायचे. हिशेब आजही बिनचूक जुळतो. कष्टकऱ्यांच्या संघाकडे राजघराण्याने विश्वासाने पैसा ठेवावा, याचा माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला अभिमान वाटतो. पण माझा मुद्दा पुढेच आहे. हे दान निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले, असे लेखात सांगितले आहे. म्हणजे एकच नोंद तीन ठिकाणी झाली: लोकांच्या कानांत, फळ्यावर आणि शिळेवर. फळा रोजच्या कामाला, शिळा काळाशी टक्कर द्यायला. ऐकणारे गेले, फळाही गेला, शिळा उरली.

तिसऱ्या लेण्यातला बलश्रीचा लेख तर घराण्याचाच इतिहास आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर, नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी, ती आपली ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून देते.

सामान्य माणसाला डोंगर कोरणे परवडणारे नव्हते. त्याची नोंद कागदावर झाली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत यात्रेकरूचे गाव, बापाचे नाव, आजाचे नाव लिहिले जाई. हातकागद चिवट आणि काजळीची शाई न विटणारी, म्हणून त्या वह्या टिकल्या. परंतु त्यांत दोन उणिवा होत्या. वही बहुधा एकच आणि एकाच घरात; आग, पूर, वाळवी यांपैकी एकाने गाठले की संपले. दुसरी उणीव लिपीची. जुनी दप्तरे पुष्कळशी मोडीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कागद होते, पण मोडी वाचणाऱ्यांची वाण पडली.

आता आजच्या साधनांकडे वळू. पेनड्राइव्ह ने-आण करायला सोयीचा, पण त्यात अक्षर विद्युतभाराच्या रूपाने राहते. वर्षानुवर्षे खणात पडला तर तो भार झिरपून जाऊ शकतो. हार्ड डिस्कमध्ये पुष्कळ मावते, पण तिच्यात फिरणारी चकती असते. पडली वा झिजली की बंद. साध्या सीडीचा रंगथर उष्णतेने आणि उन्हाने बिघडतो. इंटरनेटवरचा साठा घर जळाले तरी सुरक्षित राहतो. मात्र वर्गणी थांबली किंवा परवलीचा शब्द मृत माणसाबरोबर गेला, तर दार बंद. यांतले उत्तम कोणते, असे मला विचारतात. एकट्याने उत्तम असे एकही नाही. नकला तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक नक्कल दुसऱ्या गावी, हा आजच्या जाणकारांचा नियम आहे. त्यात माझी एक भर: दर दिवाळीला सगळे उघडून पाहावे आणि चारपाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवावे. मोडीची चूकही पुन्हा करू नये. जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर आज उघडला, की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. म्हणून युनिकोडमध्येच लिहावे आणि महत्त्वाचे ते चांगल्या कागदावर छापून ठेवावे.

हा केवळ हौसेचा विषय नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला हाच पुष्कळदा तो पुरावा असतो. ज्याच्याकडे वाडा आहे त्याच्याकडे दप्तर असते. बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्याकडे पत्र्याच्या पेटीतला तो एक कागद असतो. एका पावसाळ्यात आमच्या युनियनची सभासद-वही भिजून लगदा झाली. एका हमालाने हौसेने घरी नक्कल उतरवून ठेवली होती, म्हणून नावे वाचली. त्या दिवसापासून कपाटाच्या मजबुतीपेक्षा नकलेवर माझा विश्वास अधिक आहे.

तेव्हा घरी गेल्यावर ती पेटी उघडा. कागदाचा फोटो काढा, त्यावर नाव आणि साल घाला, आणि एक नक्कल सासरी गेलेल्या बहिणीकडे पाठवा. उषवदाताने डोंगर वापरला. आपल्याला बहीणभावंडे पुरेत.