विकलेला कर्णधार

९ ऑगस्ट १९८८. कॅनडातल्या एडमंटन शहरात पत्रकार परिषद भरली आणि वेन ग्रेट्झ्की बोलता बोलता थांबून डोळे पुसू लागला. एडमंटन ऑइलर्सने आपला कर्णधार लॉस एंजेलिस किंग्जला देऊन टाकला होता. मे महिन्यातच त्याने संघाला बर्फावरच्या हॉकीतला सर्वोच्च मान, स्टॅनले कप, मिळवून दिला होता. पाच मोसमांतला चौथा. जुलैत याच शहरात त्याचं लग्न झालं, तेही घरचं कार्य असावं तशा थाटात. नवरी जॅनेट जोन्स हॉलीवूडची अभिनेत्री, त्यामुळे सौद्याचं खापर बऱ्याच जणांनी तिच्यावरच फोडलं. सुनेच्या पायगुणाला बोल लावण्याची खोड काही आपल्यापुरतीच नाही.

सौदा असा: ग्रेट्झ्कीबरोबर मार्टी मॅक्सॉर्ली आणि माइक क्रुशेल्निस्की गेले. बदल्यात जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे दोन तरुण खेळाडू, पहिल्या फेरीत नवोदित निवडण्याचे तीन हक्क आणि रोख दीड कोटी अमेरिकी डॉलर. नावाला अदलाबदल, पण खरा मामला रोकड्याचा. संघाचा मालक पीटर पॉकलिंग्टनला पैशांची गरज होती. त्याच्या मांस कारखान्यातला १९८६ चा संप शहर विसरलं नव्हतंच. आता चाहत्यांनी त्याचा पुतळा जाळला. खासदार नेल्सन रीस यांनी तर सरकारनेच हा सौदा रोखावा, अशी मागणी केली.

सरकारने काही केलं नाही. करणार तरी काय?

कारण ग्रेट्झ्की एडमंटनला आला तोही विक्रीतूनच. १९७८ मध्ये इंडियानापोलिस रेसर्स संघाचा मालक नेल्सन स्काल्बानिया याने हा सतरा वर्षांचा पोरगा पॉकलिंग्टनला विकला. २६ जानेवारी १९७९ रोजी, अठराव्या वाढदिवशी, मैदानाच्या मधोमध बर्फावर उभं राहून त्याने २१ वर्षांच्या करारावर सही केली. प्रेक्षकांनी पोरगा आपला झाला असं धरलं. कागदावर तो पॉकलिंग्टनचा झाला होता.

आपल्याकडच्या क्रिकेटमध्येही गुजरातचा कर्णधार हार्दिक पंड्या २०२३ मध्ये अशाच व्यवहारातून मुंबईत आला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, आणि वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. एडमंटनकरांचा राग निदान मालकापर्यंत पोचला. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रेट्झ्की किंग्जच्या पोशाखात परतला, तेव्हा त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या वसंतात त्याच किंग्जने १-३ अशा पिछाडीवरून ऑइलर्सला स्पर्धेबाहेर काढलं. तरी त्याच वर्षी मैदानाबाहेर त्याचा कांस्यपुतळा उभा राहिला आणि १५ ऑक्टोबरला गॉर्डी हाऊचा १,८५० गुणांचा विक्रम त्याने एडमंटनमध्येच, यजमानांविरुद्ध मोडला.

१९९० मध्ये नवा कर्णधार मार्क मेसिए याने ऑइलर्सला पुन्हा कप जिंकून दिला. मेसिए तर एडमंटनचाच भूमिपुत्र. पुढच्याच वर्षी त्यालाही न्यूयॉर्कला धाडण्यात आलं. पॉकलिंग्टनच्या हातून संघ सुटला तो १९९८ मध्ये. तेव्हा स्थानिक गुंतवणूकदारांच्या गटाने तो विकत घेतला.