बॅकपॅकर बस-पास : प्रवाशांचे नियम व जबाबदाऱ्या

बॅकपॅकर बस-पास : एकदाच पैसे भरून एखाद्या देशातील ठरावीक बसमार्गांवर हवे तिथे उतरण्याची, मनाला येईल तितके दिवस राहण्याची आणि मागून येणाऱ्या गाडीने पुढे जाण्याची मुभा देणारा प्रवास-परवाना. पाठीवर सॅक, खिशात बेताचे पैसे आणि हाताशी भरपूर वेळ असलेला तरुण प्रवासी हे त्याचे ठरलेले गिऱ्हाईक. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व युरोपातही असे पास निघाले. तथापि या पद्धतीचे माहेरघर न्यूझीलंड म्हणावे लागेल. 1988 च्या नोव्हेंबरात क्वीन्सटाउनजवळ कावाराउ नदीवरच्या 43 मीटर उंच पुलावर जगातली पहिली कायमस्वरूपी व्यावसायिक बंजी-उडी सुरू झाली. त्याच सुमारास ‘किवी एक्स्पीरियन्स’च्या हिरव्या बसगाड्या रस्त्यावर आल्या. ‘स्ट्रे’ या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नारिंगी गाड्या 2003 पासून धावू लागल्या. ‘इंटरसिटी’ ही तिथली नेहमीची लांब पल्ल्याची बससेवाही पास विकते. पुढील विवेचन मुख्यतः न्यूझीलंडमधील रिवाजाला धरून आहे.

पासाचा हिशेब : पास कशात मोजला जातो, यावर प्रवाशाच्या बहुतेक जबाबदाऱ्या ठरतात. पहिला प्रकार मार्गाचा. यात ऑकलंडहून वायटोमो, रोटोरुआ, टाउपो, वेलिंग्टन अशी वाट आखलेली असते. उतरा, राहा, पुढे जा. मागे फिरायचे असेल किंवा तोच टप्पा पुन्हा करायचा असेल तर बहुधा वेगळे पैसे पडतात. दुसरा प्रकार तासांचा. इंटरसिटीच्या ‘फ्लेक्सीपास’मध्ये प्रवासी तास विकत घेतो आणि प्रत्येक फेरीला तिच्या कालावधीइतके तास खात्यातून वजा होतात. ऑकलंड ते वेलिंग्टन हा एकच पल्ला अकरा तासांच्या घरात जातो, त्यामुळे दहा तासांचा पास काढून अख्खे उत्तर बेट पाहू म्हणणाऱ्याचा हिशेब पहिल्याच आठवड्यात चुकतो. तास संपले तर वाढवून घेता येतात. मात्र वर्षाची मुदत उलटली की उरलेले तास बुडीत. तिसरा प्रकार दिवसांचा. ऑस्ट्रेलियातील ग्रेहाउंड कंपनीचा ‘व्हिमिट’ पास असा आहे : ठरलेल्या दिवसांत हवे तेवढे फिरा, पण दिवस सलग मोजले जातात. किनाऱ्यावर आठवडाभर लोळत पडलात तरी पास त्या दिवसांचेही पैसे लावतो. मार्गाचा पास आळशी माणसाला मानवतो आणि दिवसांचा धावणाऱ्याला. विक्रेते सहसा हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी सगळेच पास सगळ्यांना सोयीचे असतात.

जागेचा हक्क : पासाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. पास म्हणजे प्रवासाचा हक्क. गाडीतली जागा नव्हे. जागा प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्रपणे धरावी लागते आणि ती धरणे, बदलणे, सोडणे ही सर्वस्वी प्रवाशाची जबाबदारी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा. या दिवसांत क्वीन्सटाउनकडे जाणाऱ्या गाड्या आधीच भरतात. जागा न धरता थांब्यावर उभ्या राहिलेल्या पासधारकाला चालक नकार देऊ शकतो, कारण उभ्याने प्रवास हा प्रकारच या गाड्यांत नाही. प्रतीक्षायादीत नाव घालता येते, पण ती यादी सरकेल याची हमी कोणी देत नाही. धरलेली जागा नको असेल तर ती मुदतीत सोडावी लागते. इंटरसिटीत ही मुदत सुटण्याआधी दोन तास अशी आहे. बॅकपॅकर कंपन्या याहून आधीची सूचना मागतात. न कळवता गैरहजर राहिलेल्या प्रवाशाचा तो टप्पा वापरला असे धरले जाते, तासांचा पास असल्यास तास कापले जातात, आणि पुढच्या आरक्षणांची साखळी तुटते ती वेगळीच. पास नावावर असतो. मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. चालक यादीतले नाव ओळखपत्राशी ताडून पाहू शकतो.

मुक्कामाची व्यवस्था हा या गाड्यांचा खास भाग होय. सकाळी गाडी गावाबाहेर पडली की चालक ध्वनिक्षेपकावरून पुढच्या गावाची माहिती देतो आणि चिमटा लावलेली पुठ्ठ्याची पाटी मागे पाठवतो. तिच्यावर दोन-तीन कागद : एकावर हॉस्टेलची नावे, दुसऱ्यावर राफ्टिंग, गुहा, हिमनदीवरची चाल यांचे रकाने. पाटी आसनांमधून हातोहात फिरते. ज्याला जे हवे त्यासमोर तो नाव लिहितो. जेवणाच्या थांब्यावर चालक फोन करून खाटा व तिकिटे धरतो. हा कागद साधा दिसला तरी त्यावर नाव लिहिणे म्हणजे आरक्षण करणे. नाव लिहून ऐनवेळी दुसरीकडे राहायला गेलेल्या प्रवाशाकडून हॉस्टेल रात्रीचे पैसे मागू शकते, आणि यात कंपनी मध्ये पडत नाही. झोपेत असताना पाटी पुढे निघून गेली, ही तक्रार चालक रोज ऐकतात.

वेळ : गाडी प्रवाशासाठी थांबत नाही, सुटण्याआधी पंधरा मिनिटे थांब्यावर हजर असावे, असा सर्वसाधारण नियम. हा चालकाचा आडमुठेपणा नव्हे. न्यूझीलंडच्या कायद्यानुसार मोठ्या प्रवासी वाहनाच्या चालकाला साडेपाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घ्यावीच लागते, कामाच्या एका दिवसात तेरा तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि त्यानंतर सलग दहा तास सुट्टी घ्यावी लागते. याची नोंद त्याला वहीत करावी लागते. दक्षिण बेटाच्या वेस्ट कोस्टवरच्या एखाद्या कॉफीच्या दुकानात तिघांनी वीस मिनिटे उशीर केला, तर तो उशीर संध्याकाळी चालकाच्या तेरा तासांतून वजा होतो. म्हणूनच ‘पाच वाजता’ म्हणजे पाच वाजताच. आपल्याकडच्या ‘निघतोय, दोन मिनिटं’ या आश्वासनाला तिथे किंमत नाही.

मार्गातील बदल : हवामान, दरडी, भूकंप, नद्यांचे पूर यांमुळे मार्ग व वेळ बदलण्याचा अधिकार कंपन्या राखून ठेवतात. वाचताना हे कलम पळवाटेसारखे वाटते, पण त्यामागे अनुभव आहे. 14 नोव्हेंबर 2016 रोजी मध्यरात्रीनंतर काइकोउरा परिसरात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर खचून राष्ट्रीय महामार्ग क्र. 1 समुद्रालगत गाडला गेला. तो पुन्हा खुला झाला 15 डिसेंबर 2017 रोजी. तेरा महिने पिक्टन ते क्राइस्टचर्च ही वाहतूक लुईस खिंडीच्या लांबच्या वळशाने चालली आणि देवमासे पाहण्यासाठी काइकोउराला उतरण्याचा बेत केलेल्यांना तो सोडावा लागला. 2019 च्या मार्चअखेर अतिवृष्टीत फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरील पूल वाहून गेला, तेव्हा हाकेच्या अंतरावरच्या पलीकडच्या तीराला पोहोचण्यासाठी शेकडो किलोमीटरचा फेरा पडू लागला. मिलफर्ड साउंडकडे जाणारा रस्ता होमर बोगद्याच्या परिसरात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने हिवाळ्यात व वसंतात वारंवार बंद होतो. अशा वेळी कंपनी पुढची तारीख किंवा पर्यायी मार्ग देते. हुकलेले विमान, वाया गेलेले हॉस्टेलचे पैसे प्रवाशाच्या माथी. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच विमानतळाच्या गावी पोहोचण्याचा बेत न आखता दोन दिवस हाताशी ठेवावेत.

गाडीतील वर्तन : जिथे पट्टा बसवलेला आहे तिथे तो बांधणे कायद्याने सक्तीचे असून पंधरा वर्षे व त्यावरील प्रवासी स्वतः जबाबदार असतो, न बांधल्यास 150 न्यूझीलंड डॉलर दंड. गाडीत धूम्रपान व मद्यपानाला मनाई आहे. रात्री जागून, पिऊन सकाळी थांब्यावर आलेल्या प्रवाशाला चालक गाडीत घेण्यास नकार देऊ शकतो, आणि गाडी घाण केल्यास सफाईचा खर्च वसूल होतो. सामान म्हणजे डिकीत एक मोठी सॅक व जवळ एक लहान पिशवी; सर्फबोर्ड, सायकल यांसाठी आधी विचारावे लागते. डिकीतली सॅक आपल्या थांब्यावर उतरली की नाही हे पाहण्याचे काम प्रवाशाचेच. एकसारख्या काळ्या सॅकांच्या ढिगाऱ्यात आपली ओळखू यावी म्हणून जुने प्रवासी तिला रंगीत फडके बांधतात. पासपोर्ट, औषधे व पैसे डिकीत ठेवू नयेत.

साहसी उपक्रम व विमा : उड्या, राफ्टिंग, आकाशउडी हे पासाचे भाग नसतात, ते चालवणारे व्यावसायिक वेगळे असतात आणि त्यांतल्या बंजीसारख्या उपक्रमांच्या नोंदणी व सुरक्षा-तपासणीचे नियम 2016 साली नव्याने झाले. प्रवाशाने वजन, गर्भारपण, हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया यांची खरी माहिती द्यावी, हा औपचारिकपणा नव्हे. अपघात झाल्यास उपचाराचा मोठा भार ‘एसीसी’ ही सरकारी अपघात-भरपाई संस्था उचलते, आणि ती परदेशी पाहुण्यांनाही लागू आहे. त्या बदल्यात दुखापतीबद्दल नुकसानभरपाईचा दावा कोर्टात लावता येत नाही. एसीसी आहे म्हणून विमा नको, हा हिशेब मात्र धोक्याचा : आजारपण, हरवलेले सामान, रद्द झालेला प्रवास, मायदेशी नेण्याचा खर्च यांतले काही त्यात बसत नाही.

निसर्गाविषयीचे दायित्व : ही गाडी नद्यानाल्यांच्या देशातून जाते. 2004 साली दक्षिण बेटावरच्या वायाउ नदीत ‘डिडिमो’ हे उपद्रवी शैवाल सापडले. ओल्या बुटांना व दोऱ्यांना चिकटून ते एका नदीतून दुसरीत जाते. त्यामुळे नदीत उतरलेले साहित्य तपासा, धुवा, वाळवा अशी सक्त सूचना असते. टोंगारिरोच्या सुमारे वीस किलोमीटरच्या ज्वालामुखी-वाटेवर जाणाऱ्यांनी कचरा परत आणावा, वाट सोडू नये आणि शेवटच्या शटलची वेळ डोक्यात ठेवावी. ती शटल चुकली, तर बॅकपॅकर बस डोंगराच्या पायथ्याशी शोध घ्यायला येत नाही. 2018 साली पर्यटकांसाठी सुरू झालेल्या ‘तिआकी’ वचनाचा आशयही हाच. तिआकी म्हणजे माओरी भाषेत जपणे. सह्याद्रीत गडावर जाणाऱ्या मराठी ट्रेकरला यात नवे काही नाही. अंमलबजावणी तेवढी नवी वाटेल.

भारतीय प्रवाशांसाठी : भारतीय पारपत्रधारकाला न्यूझीलंडचा व्हिसा आधी काढावा लागतो, परतीचा किंवा पुढचा प्रवास आणि दरमहा 1000 न्यूझीलंड डॉलर (निवास आधीच भरला असल्यास 400) एवढी आर्थिक तयारी दाखवावी लागते. बस-पास हा देश सोडण्याचा पुरावा धरला जात नाही. व्हिसा नाकारला गेल्यास पासाचे पैसे परत मिळतातच असे नाही, म्हणून क्रम चुकवू नये : आधी व्हिसा, मग पास. या गाड्यांतली मोठी गर्दी ब्रिटिश व जर्मन तरुणांची, कारण त्यांना तिथे काम करत फिरण्याचा व्हिसा मिळतो. भारताशी न्यूझीलंडचा तसा करार बराच काळ नव्हता. ऑस्ट्रेलियाने मात्र 2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी वर्षाला 1000 जागांची अशी योजना सोडतीने सुरू केली आहे. पुण्या-मुंबईचे तरुण त्या सोडतीत निघाले, तर दिवसांच्या पासाचा वर सांगितलेला हिशेब त्यांच्या कामी येईल.

महाराष्ट्रातील साधर्म्य : राज्य परिवहन महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना 1988 पासून चालू आहे. चार व सात दिवसांचे पास मिळतात, म्हणजे हा दिवसांच्या जातीचा पास. हॉस्टेल, उड्या यांचा इथे संबंध नाही. नियमांची जात मात्र तीच. पास दुसऱ्याला देता येत नाही, हरवल्यास दुसरा मिळत नाही, जागा हवी असल्यास आरक्षण-आकार भरून ती धरावी लागते, आणि प्रौढाला 30 किलोपर्यंत सामान मोफत. पासाचा दिवस रात्री बाराला उगवतो व रात्री बाराला मावळतो. शेवटच्या रात्री बारानंतर गाडी धावतच असेल तर पुढल्या अंतराचे तिकीट काढावे लागते. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी वारी करणारी कुटुंबे या पासाचा जितका चोख वापर करतात, तितका फार थोडे बॅकपॅकर करत असतील.

परतावा व तक्रार : एकदा पहिला टप्पा वापरला की पासाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, न वापरलेल्या पासातून काही रक्कम कापली जाते. 2020 च्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या सीमा बंद झाल्या आणि परदेशी प्रवाशांवरच उभ्या असलेल्या या सेवा थांबल्या, तेव्हा मुदतवाढ, जमापत्र की रोख परतावा हा प्रश्न अनेक पासधारकांपुढे आला. अटींच्या कागदावर काहीही लिहिले असले तरी ग्राहक हमी कायदा, 1993 नुसार सेवा वाजवी काळजीने व कौशल्याने दिली जावी हा ग्राहकाचा हक्क कंपनीला काढून घेता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 1986 चा रास्त व्यापार कायदा आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी, आरक्षणाचे संदेश व पावत्या जपून ठेवाव्यात. मिटले नाही तर विवाद न्यायाधिकरणात जाता येते. तिथे वकील उभा राहत नाही; प्रवाशाने आपली बाजू आपणच मांडायची असते.